बोहरी आळीतली साठवणीची भांडी: अडीअडचणीच्या पाण्यासाठी आणि शिध्यासाठी काय घ्यावं, काय टाळावं

आधी निकाल. चार माणसांच्या घरात तीन दिवसांचं पाणी आणि आठवड्याचा शिधा बाजूला ठेवायचा असेल, तर ऑनलाइन मिळणाऱ्या तयार ‘इमर्जन्सी किट’च्या नादी लागू नये. पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या बाजारात एका सकाळी जमणारं सामान त्याहून सरस आहे. खरेदी एवढीच: १० लिटरचे चार कॅन, तोटीचा २० लिटरचा एक कॅन, पत्र्याचे दोन डबे, आणि औषधाच्या दुकानातून क्लोरीनच्या गोळ्या. पण आळीत दिसेल ते घरी आणण्याजोगं नसतं. तिथली निम्मी भांडी साठवणीला नाही, तर रोजच्या वापराला बनवलेली असतात, आणि दुकानदार आपण होऊन तो फरक सांगत नाही. विचारलं तर मात्र बहुतेक जण सांगतात.

पुण्यात अन्नाची अडचण क्वचित, पाण्याची वारंवार. २०२० च्या टाळेबंदीतही किराणा उशिरा का होईना, मिळत राहिला. पाण्याचं तसं नाही. दुरुस्तीसाठी महापालिका बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. हा झाला साधा प्रकार: पाणीच नाही. दुसरा प्रकार पुराचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या सोसायट्यांत घुसलं आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं. अशा वेळी जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी जातं, म्हणजे पाणी असतं पण बाद झालेलं. तिसरा प्रकार २०२५ च्या जानेवारीत दिसला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात गुलियन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि नळाला स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबद्दलही शंका उभी राहिली. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटल्यावर तर तिन्ही प्रकार एकदमच ओढवले होते.

म्हणून भांडं पारखताना ‘किती मावतं’ हा पहिला प्रश्न नव्हे. ते झाकून महिनाभर ठेवता येतं का, हात न घालता त्यातून पाणी काढता येतं का, आणि वीज नसताना चौथ्या मजल्यावर उचलून नेता येतं का, हे आधी बघायचं.

हिशोब असा. पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर, स्वयंपाकाला २. चार माणसं, तीन दिवस: ६० लिटर. एवढं पाणी पिण्याच्या दर्जाचं हवं. एप्रिल-मे असेल, घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर ८० धरा. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी वापरले जाणारे स्फिअर निकष धुण्यापुसण्यासह माणशी किमान १५ लिटर सांगतात. म्हणजे उरलेलं १२० लिटर न्हाणीघराचं. ते बादल्यांत, टबात, कशातही भरलं तरी चालेल. या दोन पाण्यांची भांडी एक केली की सगळं बिघडतं, कारण न्हाणीघरातला तांब्या पिण्याच्या ड्रममध्ये जायला एक दिवससुद्धा लागत नाही.

कॅन

सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, म्हणून इथे थोडं थांबू.

२० लिटरचा कॅन स्वस्त पडतो, पण भरल्यावर त्याचं वजन २१ किलोच्या आसपास जातं. लिफ्ट बंद असताना टँकरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तो नेणं साठीच्या माणसाला झेपत नाही. १० लिटरचे दोन कॅन दोन हातांत तोलून नेता येतात. शिवाय एक गळला किंवा एकातलं पाणी बिघडलं, तर बाकीचे शाबूत राहतात. त्यामुळे साठवायला १० लिटरचे आणि ओट्यावर ठेवून वापरायला तोटीचा एक २० लिटरचा, ही जोडी बरी.

तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते एचडीपीई प्लास्टिक, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही चालतात. १ म्हणजे पीईटी. ते पाण्याला ठीक, पण पातळ असतं आणि एकावर एक रचलं की चेपतं. सोबत पेला आणि काट्याची खूण असेल तर वस्तू खाद्यपदार्थांसाठी बनवलेली आहे. एकही खूण नसेल तर ‘फूड ग्रेडच आहे साहेब’ या वाक्याला काही किंमत नाही.

मग वजन. बोहरी आळीत बराच माल घाऊक विकला जातो, त्यामुळे वजनकाटा दुकानात असतोच. २० लिटरचा चांगला कॅन रिकामा साधारण एक किलो भरतो. ६००-७०० ग्रॅमचा असेल तर तो पातळ आहे आणि भरून ठेवल्यावर काही दिवसांत त्याच्या कुशी फुगतात. नंतर तो उलटा करून तळाची शिवण बघा. हे कॅन फुगवून साच्यात बनवतात. साच्याचे दोन भाग तळाशी जुळतात आणि प्लास्टिक सर्वांत पातळ राहतं ते तळाच्या कोपऱ्यांत. तिथे अंगठ्याने दाबल्यावर खोलगट पडलं, तर दुसरा मागा. रंग मळकट आणि आत बारीक ठिपके दिसले तर त्यात पुनर्वापराचं प्लास्टिक मिसळलेलं असण्याची शक्यता दाट. झाकण उघडून वास घ्या. रॉकेलसारखा किंवा अत्तरासारखा वास धुऊन जात नाही.

पांढऱ्या, अर्धपारदर्शक कॅनमध्ये पाण्याची पातळी दिसते, हा फायदा. पण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. निळा किंवा काळपट कॅन उजेड अडवतो, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. पांढरा घेऊन पलंगाखाली अंधारात ठेवणं आमच्या मते जास्त शहाणपणाचं.

तोंड फार मोठं नको. पाच ते आठ सेंटिमीटरचं तोंड असलं की त्यातून पेला किंवा हात आत जात नाही आणि पाणी ओतूनच घ्यावं लागतं. साठवलेलं पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा भरताना नाही, काढताना. अरुंद तोंडाचा कॅन आतून घासता येत नाही, ही तक्रार खरी आहे. त्याला उपाय: मूठभर कोरडे तांदूळ, थोडं साबणाचं पाणी, आणि दोन मिनिटं जोरात खळखळवणं.

तोटी ही या सगळ्यातली कच्ची कडी. काही दुकानांत साध्या कॅनला तिथल्या तिथे भोक पाडून तोटी बसवून देतात. ती घेऊ नका. तोटीचा रबरी वायसर बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी हवा, आणि अरुंद तोंडातून हात आत जात नसल्याने आतला वायसर नि नट नीट कसलाच जात नाही. वर भोक पाडताना निघालेला प्लास्टिकचा चुरा आत राहतो तो वेगळाच. कारखान्यातूनच आटे पाडून आलेला, तोटी फिरवून बसवायचा कॅन घ्या. तोटी तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर असेल तर तळाशी थोडं पाणी अडकतं. तो दोष समजू नका, गाळ तिथेच बसतो.

घरी आणल्यावर पूर्ण भरून, झाकण घट्ट लावून, रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवा. सकाळी कागदावर ओल दिसली तर लगेच बदलून आणा. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसात चार लिटरांवर पाणी जातं.

बाकीची भांडी

निळा मोठा ड्रम, २०० लिटरच्या पुढचा. आळीत आणि आसपास मिळणारे स्वस्त ड्रम बहुतेक वापरलेले असतात. आधी त्यात काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्लास्टिक काही रसायनं शोषून घेतं आणि ती साबणाने निघत नाहीत. पिण्याच्या पाण्याला हा ड्रम नाही म्हणजे नाही. न्हाणीघराच्या पाण्याला चालेल, पण कड्याने आवळायच्या झाकणाचाच घ्या. आणखी एक गोष्ट फारच थोडे जण ध्यानात घेतात. भरलेला ड्रम २०० किलोंच्या वर जातो आणि हे सगळं वजन पाऊण मीटर रुंदीच्या आतल्या जागेवर पडतं. भारतीय मानकानुसार घरातल्या बाल्कनीचा भार चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरतात. ड्रमखाली तो त्याच्या दुपटीहून जास्त होतो. म्हणून गॅलरीच्या बाहेरच्या कडेला ड्रम ठेवू नये, भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवावा. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर तर नाहीच.

उघड्या ड्रममध्ये डेंग्यूच्या डासाची पैदास होते. एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यालगत, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. आठवड्यातून एकदा आतली भिंत काथ्याने घासावी लागते. ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो यासाठी.

स्टीलचं पिंप तुळशीबागेत चांगलं मिळतं आणि दिसतंही झकास. पण ते रोजच्या वापराचं भांडं आहे. झाकण वर नुसतं टेकलेलं असतं, त्यामुळे महिनाभर साठवणीला निरुपयोगी. घ्यायचंच तर तोटीचं घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं त्यासाठीच ठेवा आणि झाकणाखाली स्वच्छ फडकं बांधा. चुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४ स्टील’ असं सांगणाऱ्यांवर जाऊ नका. स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक फारसं चिकटत नाही. या दोहोंतला फरक चुंबकाने कळत नाही, सहा महिन्यांनी सांध्याला येणाऱ्या तांबूस डागांनी कळतो.

तांब्याचा हंडा कसब्यातल्या तांबट आळीतून जरूर घ्या, रोजच्या रात्रभराच्या पाण्यासाठी. आठवडेच्या आठवडे पाणी ठेवायला तो नव्हे, आणि क्लोरीन घातलेलं पाणी तर त्यात ठेवूच नये. तांबं गंजून पाण्यात उतरतं.

घडी करून ठेवायच्या प्लास्टिकच्या पाणीपिशव्या: टँकर आला की धावत जाऊन भरायला उपयोगी, साठवायला नाही. शिवण कोपऱ्यात उलते.

२० लिटरचा विकतचा जार हा आळशी माणसाचा, पण बिनचूक मार्ग ठरू शकतो. अट एकच: झाकणावर सील, आयएसआय खूण, आयएस १४५४३ हा क्रमांक आणि भरल्याची तारीख हवी. लग्नकार्यात येणारे थंड पाण्याचे बिनखुणेचे जार यात मोडत नाहीत. ते सुटं पाणी आहे. जीबीएसच्या साथीत महापालिकेने अशा काही खासगी आरओ प्रकल्पांवर कारवाई केली होती.

भरायचं कसं

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे आरओ मशीनचं पाणी कॅनमध्ये भरणं. पाणी जितकं ‘शुद्ध’ तितकं टिकाऊ, असा समज असतो. घडतं उलट. महापालिकेच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो आणि तोच साठवलेल्या पाण्याची राखण करतो. आरओ मशीनमधलं कार्बन फिल्टर आधी तोच काढून टाकतं. असं पाणी तोटीतून बाहेर पडताना स्वच्छ असतं, पण पुढे कॅनच्या झाकणावरचा एक जिवाणूही त्यात बिनधास्त वाढतो. उकळलेल्या पाण्याचंही तेच. उकळी फुटल्यावर एक मिनिट पाणी खळखळलं की पुण्याच्या उंचीवर जंतू मरतात, पण नंतरचं संरक्षण शून्य. उकळलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं.

म्हणून कॅन भरावा तो थेट कॉर्पोरेशनच्या नळाचा, गच्चीवरच्या टाकीचा नव्हे. पाणी बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावरचं पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या. क्लोरीन आहे का हे ओटी चाचणीने कळतं. नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. गावोगावचे आरोग्य कर्मचारी हीच चाचणी करतात. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. रंग आलाच नाही, किंवा सोसायटीत बोअरचं नि टँकरचं पाणी मिसळत असेल, तर क्लोरीन आपण घालायचा.

गोळ्या एनएडीसीसीच्या (पाण्यात क्लोरीन सोडणारं एक रसायन) घ्या. ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला पुरते. वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात, म्हणून पाकिटावरचं लिटरचं प्रमाण वाचल्याशिवाय टाकू नका. एका लिटरची गोळी २० लिटरला घातली तर काहीच होत नाही, आणि उलट केलं तर पाणी तोंडात धरवत नाही. सोडियम हायपोक्लोराइटचं बिनवासाचं, पाच-सहा टक्क्यांचं द्रावण असेल तर लिटरला दोन थेंब, म्हणजे २० लिटरला ४० थेंब, अंदाजे २ मिलिलिटर. फरशी पुसायचं सुगंधी किंवा फेसाचं ब्लीच पाण्यात घालायचं नाही. क्लोरीन घातल्यावर अर्धा तास थांबा, थंडीत तासभर. नंतर पाण्याला पुसटसा क्लोरीनचा वास यायला हवा. नाही आला तर तेवढीच मात्रा पुन्हा. तरीही नाही आला तर ते पाणी पिण्याचं नाही.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवा, वरचं निवळ पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीन. हा क्रम उलटा केला तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

नव्या कॅनला पहिल्यांदा भरण्याआधी लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर वरचंच बिनवासाचं हायपोक्लोराइट घालून ते आत सगळीकडे फिरवा. झाकणाचे आटे आणि तोटीही ओली करा. मिनिटभराने ओतून द्या आणि विसळा. हायपोक्लोराइटची बाटली उन्हाळ्यात लवकर उतरते. सहा महिन्यांपेक्षा जुनी वापरू नका. गोळ्या वेष्टनात वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून साठवणीला त्याच बऱ्या.

नीट बंद केलेलं पाणी सहा महिने ठेवता येतं, असं मार्गदर्शन परदेशी आरोग्य संस्था देतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि घरातल्या हाताळणीत महिन्याला बदलणं बरं. वेगळी तारीख लक्षात ठेवायची गरज नाही. ‘गुरुवारी पाणी बंद’ अशी बातमी आली की बुधवारी सकाळी जुनं पाणी कपड्यांना, झाडांना वापरा आणि कॅन नव्याने भरा. कागदी चिकटपट्टीवर तारीख लिहा.

पुराच्या वेळेसाठी एक गोष्ट सोसायटीच्या पातळीवर ठरवून ठेवा. ओढ्याचं किंवा नदीचं पाणी आवारात शिरू लागलं की सर्वांत आधी पंपाची वीज बंद आणि खालच्या टाकीतून वर जाणारा व्हॉल्व्ह बंद. गच्चीवरची टाकी तोपर्यंत चांगली असते. इमारतीतला सगळ्यात मोठा साठा तोच. घाईने पंप लावून पुराचं पाणी वर चढवलं की तोही जातो. गिझरमधले १५-२५ लिटर आहेतच की, असं काहींना वाटतं. पण आत येणाऱ्या पाण्याला दाब नसेल तर गरम पाण्याच्या नळातून ते बाहेर येत नाही. वीज बंद करून, गार झाल्यावर खालची नळी सोडवावी लागते, आणि ते पाणीही न्हाणीघराचंच, पिण्याचं नाही.

शिधा आणि त्याचे डबे

पाण्याच्या मानाने हे सोपं, कारण साठवणीचं धान्य भरणं महाराष्ट्राला नवीन नाही.

आळीत पत्र्याच्या कोठ्या मिळतात आणि तेलाचे १५ किलोचे डबे कापून, झाकण बसवून विकतात. तेलाच्या डब्यात बारा-तेरा किलो तांदूळ किंवा गहू मावतो, फ्लॅटमधल्या घराला तेवढा पुरे. डबा उन्हाकडे धरून आत डोकावा. सुईच्या अग्राएवढा जरी उजेड दिसला तरी सोंड्यांना तेवढी वाट पुरते. झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज सुटली तर झाकण सैल आहे. आतून तेलाचा खवट वास येत असेल तर तो धान्यालाही लागतो. जस्ताच्या पत्र्याची कोठी कोरड्या धान्याला उत्तम. मीठ, चिंच, गूळ मात्र त्यात नको, ते काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत. ‘हवाबंद’ म्हणून विकले जाणारे चार बाजूंना कड्या असलेले प्लास्टिकचे डबे पाव-अर्ध्या किलोच्या जिनसांना ठीक.

चार माणसांना सात दिवसांचा शिधा साधारण असा: तांदूळ ४ किलो, कणीक साडेतीन किलो, पोहे दीड किलो, मूगडाळ आणि मसूरडाळ मिळून २ किलो, सातूचं पीठ १ किलो, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, तेल १ लिटर, दूध पावडर अर्धा किलो, मीठ अर्धा किलो. यातून माणशी दिवसाला दोन हजार ते बावीसशे कॅलरी निघतात. तुरीऐवजी मूग-मसूर सुचवण्याचं कारण गॅस आणि पाणी. त्या कुकरमध्ये चटकन शिजतात. राजमा, छोले या साठ्यात नकोत, भिजवण्यातच लिटरभर पाणी जातं.

गॅसही नसेल त्या दिवसासाठी सातूचं पीठ, पातळ पोहे, कुरमुरे, दाण्याची चटणी, मेतकूट. सातूत गूळ आणि साठवणीतलं पाणी कालवलं की जेवण झालं. परदेशी किटमधल्या चांदीच्या पाकिटातल्या पावडरीला याच्यापुढे काय मोल आहे, हे आम्हाला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. ती पावडर खायला तर आधी उकळतं पाणी लागतं. आपल्या बाजारातली भाजी-भाताची शिजवलेली रिटॉर्ट पाकिटं (सीलबंद करून उष्णतेने निर्जंतुक केलेली) मात्र कामाची. गरम न करताही खाता येतात आणि साधारण वर्षभर टिकतात. म्हैसूरच्या डीएफआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने सैन्यासाठी अशा पदार्थांवर बरंच काम केलं आहे. चार-सहा पाकिटं ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त नको. मीठ बरंच असतं, आणि तहान लागते.

पिठाबद्दल सावध. गव्हाची कणीक पावसाळ्यात महिन्याभरात संपवावी. ज्वारीचं पीठ त्याआधी कडू होतं, बाजरीचं तर आठ-दहा दिवसांतच, कारण दळल्यावर तिच्यातलं तेल हवेला लागून खवट होतं. वीज गेली की गिरणी बंद आणि घरघंटीही बंद, म्हणून नुसता गहू साठवून भागत नाही. थोडी कणीक कायम फिरती ठेवायची: नवी मागे, जुनी पुढे. रवा, मैदा आणल्याबरोबर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तर अंडी मरतात. नंतर पिशवी बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर आत दव धरतं आणि बुरशी येते.

वर्षाच्या डाळींना एरंडेल चोळणं हा जुना उपाय अजूनही पक्का आहे. किलोला ५ ते ७ मिलिलिटर, हाताला जेमतेम लागेल इतकंच. तेलाच्या थराने भुंग्याची अंडी गुदमरतात. पण आधी दोन कडक उन्हं द्या. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, चेपला तर आत ओल आहे. ओल असलेलं धान्य हवाबंद केलं तर किड्यांऐवजी बुरशी लागते. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत सोडून द्यावी, ते विष आहे आणि धुण्यात चूक झाली की पोटात जातं. आणि धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. ओलीशी संयोग झाला की त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीतल्या माणसांचा जीव घेतो.

ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आणि चांदीच्या जाड पिशव्या हल्ली आळीतल्या पॅकिंग सामानाच्या दुकानांतही दिसतात. तंत्र खरं आहे: चार लिटरच्या पिशवीत ३०० सीसीची एक पुडी घालून इस्त्रीने तोंड बंद केलं तर पांढरा तांदूळ वर्षानुवर्षं टिकतो. पण दर महिन्याला वाणसामान भरणाऱ्या घराला त्याची गरज नाही. आणि शेंगदाणे, हातसडीचा तांदूळ, ओलसर मसाले यांत त्या पुड्या घालायच्या नाहीत. तेलकट जिन्नस तरीही खवट होतात, आणि ओलसर जिन्नस हवेविना ठेवले तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा धोका असतो.

नदीकाठी, ओढ्याकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी डबे माळ्यावर ठेवावेत. पुराचं पाणी लागलेल्या आट्याच्या किंवा दाबाच्या झाकणाच्या डब्यातलं धान्य, आत कोरडं दिसलं तरी, फेकायचं. फक्त कारखान्यात सीलबंद झालेली, न फाटलेली रिटॉर्ट पाकिटं आणि पत्र्याचे डबे धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वापरता येतात.

पाइपचा गॅस असलेल्या घरांनी सिलिंडर परत केलेला असतो आणि वीज नसताना इंडक्शन शेगडी निरुपयोगी. ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि एक बर्नर एवढी तजवीज पुरे.

आळीत जायचं तर गाडी नेऊ नका, ठेवायला जागा मिळत नाही. महात्मा फुले मंडई मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. रिकामे कॅन एकात एक बसत नाहीत, त्यामुळे पाचही एकदम आणायला दोघं जण आणि सुतळी लागते. पैसे देण्याआधी प्रत्येक कॅनचं झाकण त्याच कॅनवर लावून बघा, एकाच ढिगातल्या झाकणांचे आटे कधी कधी वेगळे असतात. आणि तोटीचे दोन वायसर जास्तीचे मागून घ्या. त्या मापाचा वायसर नंतर सुटा मिळवताना नाकी नऊ येतात.